मूठ सुटली की सुरी संपली

संकटात सुरी दगा देते ती बहुतेक वेळा धारेपाशी नाही, मुठीपाशी. धार गेली तर ओढ्यातल्या गुळगुळीत दगडावर घासूनही कामापुरती परत आणता येते. पण पात्याचे मुठीत शिरणारे शेपूट हलायला लागले, की आडरानात त्यावर इलाज नसतो. अडचणीच्या वेळी भरवसा ठेवावा असे हत्यार कोणते, या प्रश्नाचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास मला तरी या एका सांध्याचाच इतिहास वाटतो.

आपली तलवारच घ्या. दख्खनच्या पोलादाची कीर्ती खरी होती. मुशीत वितळवून केलेल्या त्याच्या वड्या समुद्रमार्गे इराणपर्यंत जात. मराठ्यांना पोर्तुगिजांकडून येणारी युरोपीय पातीही आवडत. अशा तलवारीला ‘फिरंग’ हे नाव त्यातूनच मिळाले. पाते असे उत्तम, पण नेहमीच्या तलवारीत ते मुठीत बसवायची रीत वेगळी होती. आखूड शेपूट पोकळ लोखंडी मुठीत घालायचे आणि भोवती तापवलेली राळ किंवा लाख ओतायची. घोड्यावरून वार करायला एवढी पकड पुरे. शिवाय मूठ तापवली की पाते सुटे होई, त्यामुळे मोडलेले बदलणे सोपे. पण त्याच तलवारीने लाकूड तोडू लागलात तर प्रत्येक घावाचा हादरा त्या लाखेला बसणार आणि शेकोटीजवळ ठेवलीत तर लाख मऊ पडणार. तलवार वाईट म्हणून नव्हे, ती या कामासाठी घडवलेलीच नाही म्हणून. आज ‘सर्व्हायव्हल’ म्हणून तलवार विकत घेणाऱ्यांना मला एवढेच सांगावेसे वाटते.

लढाईचे शस्त्र वेगळे आणि कामाचे हत्यार वेगळे, हे युरोपात सैनिकांना लवकर उमगले. १८१६ मध्ये फ्रेंच सैन्याने रोमन घाटाची एक आखूड, रुंद तलवार काढली. लढाईत तिचा फारसा उपयोग नव्हता. शिपाई तिने झुडपे तोडत, सरपण फोडत; तिला त्यांनी नावच ठेवले ‘कोबीकापी’. तिच्याच धर्तीवर अमेरिकेने १८३२ मध्ये तोफखान्यातल्या पायदळासाठी तलवार केली आणि तिचेही तेच झाले. लष्कराने शस्त्र दिले, शिपायांनी त्याचा कोयता केला.

त्याच सुमारास हिमालयात असे हत्यार रोजच्या वापरात होतेच. १८१४ ते १८१६ च्या इंग्रज-नेपाळ युद्धानंतर खुकुरी जगाला माहीत झाली, ती शस्त्र म्हणून. नेपाळी घरात मात्र ती आधी अवजार आहे. तिचे वजन पुढे झुकलेले असते, म्हणून कमी जोरात खोल घाव बसतो. म्यानात दोन लहान सोबती असतात: ‘कर्द’ ही बारीक कामाची छोटी सुरी आणि ‘चकमक’ हा बोथट पोलादी तुकडा, धार सरळ करायला आणि गारगोटीवर ठिणगी पाडायला. आणीबाणीला लागणारे सगळे एका म्यानात. मुठीचा प्रश्न तिथेही होताच. जुन्या खुकुरीचे निमुळते शेपूट लाहा म्हणजे राळेच्या मिश्रणाने बसवलेले असे. दुसऱ्या प्रकारात, ‘पानावल’ मुठीत, शेपूट मुठीच्या पूर्ण रुंदीचे आणि लांबीचे असते आणि दोन्ही बाजूंनी लाकडाच्या किंवा शिंगाच्या फळ्या रिव्हेटने ठोकलेल्या असतात. अंगमेहनतीच्या कामाला हाच प्रकार अधिक भरवशाचा.

विमाने आली तेव्हा प्रश्नाचे रूप बदलले. आता सुरी लागणार होती एकट्या माणसाला, कोसळलेल्या यंत्रातून बाहेर पडायला आणि अनोळखी मुलखात तगायला. अमेरिकन नौदलाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस जेट वैमानिकांसाठी काढलेली सुरी मला या साऱ्या प्रवासातली सर्वांत विचारपूर्वक केलेली वस्तू वाटते. तिच्या पाठीवर करवतीचे दात आहेत. ते लाकडासाठी आहेत असे वाटते, पण मूळ हेतू विमानाचा ॲल्युमिनियमचा पत्रा कापण्याचा. मुठीच्या टोकाला षट्कोनी पोलादी बोंड, ठोकायला आणि काच फोडायला. पाते आणि मूठ यांच्यामधल्या आडव्या पट्टीला दोन भोके, म्हणजे काठीला बांधून भाला करता येतो. म्यानाच्या खिशात धार लावायचा दगड. पाते सुरुवातीला ६ इंचांचे होते, १९६२ च्या सुमारास ते ५ इंचांवर आणले. कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसाला लांब पात्याची अडचणच होते.

अंतराळवीरांनाही सुरी हवी होती, कारण परतीचे यान कुठे उतरेल याची खात्री नव्हती. अमेरिकेच्या मर्क्युरी अंतराळ मोहिमांसाठी फ्लोरिडातल्या रँडल यांच्या कारखान्याने साडेपाच इंच पात्याची सुरी केली, शेपूट मुठीच्या टोकापर्यंत गेलेली. २१ जुलै १९६१ ला अंतराळवीर गस ग्रिसम यांचे ‘लिबर्टी बेल ७’ हे यान अटलांटिकमध्ये बुडाले आणि त्यातली सुरीही गेली. १९९९ मध्ये साडेचार किलोमीटरहून अधिक खोलीवरून यान वर काढले तेव्हा ती सुरी सापडली. साफ केल्यावर ती वापरण्याजोगी होती.

सोव्हिएत अनुभव अधिक बोचरा. १९ मार्च १९६५ ला अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव आणि पावेल बेल्यायेव ठरलेल्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर, पर्मजवळच्या बर्फाळ तैगात उतरले. दोन रात्री त्यांना जंगलात काढाव्या लागल्या. पुढे १९८६ पासून सोयुझ यानांमधून जाऊ लागलेल्या तीन नळ्यांच्या पिस्तुलाच्या सुट्या दस्त्यातच कोयत्यासारखे पाते ठेवलेले असे.

यानंतरचे वळण मात्र मागे नेणारे ठरले. १९६० च्या दशकात व्हिएतनाममधल्या सैनिकांसाठी पोकळ मुठीच्या काही सुऱ्या निघाल्या, त्या कसबी हातांनी जोडलेल्या होत्या. १९८० च्या दशकात चित्रपटांमुळे त्यांची लाट आली. मुठीत काड्या, गळ, दोरा, बुडाला होकायंत्र. या सामानाला जागा करायला शेपूटच छाटले गेले आणि स्वस्त नकलांमध्ये पाते जेमतेम एका बोल्टवर तगले. लाखेच्या जागी बोल्ट आला, सांधा तसाच कच्चा राहिला.

भारतात निवडीला कायद्याचीही चौकट आहे. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याला शस्त्र मानतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. तलवार या सवलतीत बसत नाही. कोकणात कमरेच्या आकडीत अडकवलेली कोयती शेतीचे अवजार म्हणून बसते, आणि पाच इंचांची सुरी लांबीच्या त्या मर्यादेच्या आतच राहते. दुकानात ती हातात घेतलीत तर मुठीच्या दोन फळ्यांमध्ये पोलादाची कड टोकापर्यंत दिसते का, तेवढे आधी पाहा.