रोझनश्ट्रासच्या आधीची दहा वर्षं

नाझी राजवटीत आपण असतो तर धैर्यानं वागलो असतो का, हा प्रश्न अनेकांना पडतो. पडायलाच हवा. पण तो विचारताना आपण दोन गोष्टी गृहीत धरतो: आपण कोण हे आपणच ठरवू, आणि कसोटीचा क्षण एकदाच येईल. बर्लिनच्या रोझनश्ट्रास या गल्लीत १९४३ साली जे घडलं, त्याच्या मागे गेलं की दोन्ही समजुती टिकत नाहीत.

१९३५च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनंतर कोण ज्यू हे सरकार ठरवू लागलं. चारपैकी तीन आजी-आजोबा ज्यू असले की माणूस ज्यू; मग तो स्वतः चर्चमध्ये जात असो, की पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढलेला असो. १९३९पासून पुरुषांच्या नावापुढे ‘इस्राएल’ आणि बायकांच्या नावापुढे ‘सारा’ जोडण्याची सक्ती झाली. १९४१च्या सप्टेंबरात कपड्यांवर पिवळा तारा लावण्याची सक्ती आली.

ज्यू आणि बिगर-ज्यू यांच्या नव्या लग्नांवर बंदी होती, पण आधीची लग्नं सरकारनं स्वतः मोडली नाहीत. ते काम जोडीदारावर सोपवलं. १९३८च्या कायद्यानं अशा लग्नांत काडीमोड सोपा झाला आणि त्यासाठी बिगर-ज्यू बायकांवर दबाव येत राहिला. काडीमोडावर सही केली की तिची सुटका, आणि या लग्नामुळे नवऱ्याला मिळणारं उरलंसुरलं संरक्षण संपलं. बहुतेकींनी सही केली नाही. वर्षानुवर्षं, एकट्यानं, कुणी पाहत नसताना दिलेला हा नकार मला सगळ्यांत मोठा वाटतो.

२७ फेब्रुवारी १९४३ रोजी बर्लिनमध्ये उरलेल्या ज्यूंची धरपकड सुरू झाली. मिश्र लग्नांतले सुमारे २,००० जण, बहुतांशी पुरुष, रोझनश्ट्रासवरच्या ज्यू समाजाच्या इमारतीत कोंडले गेले. बायका शोध घेत आल्या, दारासमोर थांबल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. जवळपास आठवडाभर हे चाललं. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात बहुतेकांना सोडलं. ऑश्विट्झच्या छळछावणीत धाडलेल्या २५ जणांनाही तिथून परत आणलं.

ही सुटका बायकांमुळे झाली, की या पुरुषांना तेव्हा धाडायचं मुळात ठरलंच नव्हतं, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. गल्लीत उभ्या असलेल्या बायकांना आतले हुकूम कळायला मार्ग नव्हता. त्याच दिवसांत बर्लिनमधून हजारो ज्यूंना रेल्वेनं ऑश्विट्झला नेलं जात होतं. त्यांच्यासाठी दारासमोर येऊन उभं राहणारं बिगर-ज्यू माणूस घरात नव्हतं, आणि बाकीचं शहर आलं नाही.