दोगोचे न्हाणीघर गावाचेच कसे राहिले

शिकोकू बेटावरच्या मात्सुयामा शहरातील दोगो ओनसेन या गरम पाण्याच्या झऱ्यावरची तीन मजली लाकडी इमारत एखाद्या सरदाराचा वाडा वाटते. प्रत्यक्षात ते नगरपालिकेच्या मालकीचे न्हाणीघर आहे. तिकीट काढून कोणीही आत जावे. इतकी देखणी वास्तू सर्वसामान्यांच्या आंघोळीसाठी उभी राहिली, याचे मोल मला तिच्या प्राचीनतेपेक्षाही मोठे वाटते.

प्राचीनता मात्र खरीच आहे. आठव्या शतकातील ‘निहोन शोकी’ या इतिहासग्रंथात इथल्या झऱ्याचा उल्लेख येतो. जखमी पाय रोज या गरम झऱ्यात बुडवून बरा झालेल्या पांढऱ्या बगळ्याची आख्यायिकाही जुनीच. तो बगळा आज इमारतीच्या माथ्यावर बसवलेला आहे. दोगोच्या जवळ ज्वालामुखी नाही. आपल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीप्रमाणे इथलेही पाणी जमिनीत खोलवर तापून वर येते. भूकंपाचा धोका मात्र मोठा. सन 684च्या भूकंपानंतर झरा आटल्याची नोंद ‘निहोन शोकी’तच आहे, आणि 1707 व 1946च्या मोठ्या भूकंपांनंतरही पाणी थांबले होते. पाणी परत यावे म्हणून लोक जवळच्या यु देवळात साकडे घालत.

एदो काळात (1603 ते 1868) मात्सुयामाच्या सरदार घराण्याने इथे हौद बांधून घेतले, तेव्हा पायरीही ठरली: सामुराई आणि भिक्षूंचा हौद वेगळा, बायकांचा वेगळा, सामान्य पुरुषांचा वेगळा. घोड्यांसाठीसुद्धा एक होता. पाणी एकच, पण कुणी कुठे उतरायचे हे जन्माने ठरे.

1868 नंतरच्या मेइजी काळात सरंजामशाही गेली आणि न्हाणीघर गावाच्या हाती आले, तेही मोडकळीला आलेले. 1890 मध्ये इसानिवा युकिया दोगोचे पहिले नगराध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. त्यांनी नव्या बांधकामाचा घाट घातला आणि गाव खवळले. खर्च गावाच्या ऐपतीबाहेरचा, विरोध टोकाचा. इसानिवांनी स्वतःचा पगार घेतला नाही आणि एकच मुद्दा लावून धरला: शंभर वर्षांनीही कुणाला जमणार नाही असे काही उभे केले, तरच लोक लांबून येतील आणि गावाची चूल पेटेल. किल्ल्यांची कामे करणाऱ्या घराण्यातले सुतार साकामोतो माताहाचिरो यांच्या हातून 1894 मध्ये मुख्य इमारत पुरी झाली. पुढच्याच वर्षी दोगोपर्यंत छोटी आगगाडीही आली.

त्याच वर्षी मात्सुयामाच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आलेले नात्सुमे सोसेकी या न्हाणीघराचे नेमाने येणारे गिऱ्हाईक झाले. त्यांच्या 1906च्या ‘बोच्चान’ कादंबरीतला तरुण मास्तर हौदात पोहतो आणि पोहायला मनाई करणारी पाटी लागते. तशी लाकडी पाटी इथे आजही आहे.

समानता अर्थात पूर्ण आली नाही. 1899 मध्ये राजघराण्यासाठी ‘युशिनदेन’ हा स्वतंत्र स्नानकक्ष जोडला गेला, आणि जास्त दराच्या तिकिटाचा विभागही आहेच. पण ‘कामी-नो-यु’ हा मुख्य विभाग सर्वांचा. कपडे कपाटात ठेवायचे, बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचे, मग दगडी हौदात उतरायचे. छोटा पंचा पाण्याला लागू द्यायचा नाही. ‘युगामा’ या कोरीव दगडी स्तंभातून पाणी पडत असते. वेगवेगळ्या झऱ्यांचे कमी-जास्त गरम पाणी एकत्र करून ते सुमारे 42 अंशांवर आणतात. तापवत नाहीत, गार पाणीही मिसळत नाहीत.

1994 मध्ये, इमारतीच्या शताब्दीलाच, तिला राष्ट्रीय महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून मान्यता मिळाली. जानेवारी 2019 मध्ये मोठी दुरुस्ती निघाली. अशा वास्तूला एरवी कुलूपच लागले असते. इथे इमारत दोन टप्प्यांत दुरुस्त केली आणि एका भागात काम चालू असताना दुसऱ्या भागात लोकांची आंघोळ चालू ठेवली. जुलै 2024 मध्ये सगळे विभाग पुन्हा खुले झाले.