भूमितीतली फिगर, भाषेतली फिगर

वडोदऱ्याच्या मराठी घरातल्या मुलाला इंग्रजीतला ‘फिगर’ हा शब्द निरनिराळ्या वाटांनी भेटतो. भूमितीच्या पुस्तकात फिगर म्हणजे आकृती, हिशेबात आकडा, फाईन आर्ट्सच्या वर्गात माणसाचा देह, आणि इंग्रजी व्याकरणात ‘फिगर ऑफ स्पीच’ म्हणजे अलंकार. आकार, नक्षी आणि बोलणे या तिन्ही गोष्टींचे इंग्रजी शब्द असे वारंवार एकमेकांच्या घरात शिरतात, आणि त्यामागे दोन हजार वर्षांहून जुना इतिहास आहे.

लॅटिनमधला ‘फिगुरा’ हा शब्द माती मळून घडवण्याच्या क्रियेशी नाते सांगतो. पहिल्या शतकातला रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन याने अलंकार समजावताना उदाहरण घेतले ते मायरन या ग्रीक शिल्पकाराच्या थाळीफेक्याच्या पुतळ्याचे. पुतळ्याचे अंग वाकलेले, पिळलेले आहे. सरळ ताठ उभ्या शरीरात जे सौंदर्य दिसले नसते, ते त्या वळणातून येते; वाक्यालाही नेहमीच्या वाटेवरून वळवले की तसाच डौल येतो, असे त्याचे म्हणणे. अलंकाराची याहून नेमकी ओळख मला माहीत नाही. शब्दाचा अर्थ बदलणाऱ्या अलंकाराला इंग्रजीत ‘ट्रोप’ म्हणतात; त्याचा मूळ ग्रीक अर्थही वळण असाच आहे.

ग्रीकांकडे तर भूमिती आणि वक्तृत्व यांनी शब्दांचा एकच साठा वापरला. पेर्गा गावच्या अपोलोनियस या गणितज्ञाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास शंकूच्या छेदांना, म्हणजे शंकू कापल्यावर दिसणाऱ्या वक्रांना, नावे दिली. वक्रावरच्या बिंदूपासून अक्षापर्यंत काढलेल्या रेषेवरचा चौरस त्याने ठरावीक रुंदीच्या आयताशी ताडून पाहिला. तंतोतंत जुळला तो ‘पॅराबोला’, उणा पडला तो ‘इलिप्स’, वरचढ ठरला तो ‘हायपरबोला’. हेच तीन शब्द भाषणकलेतही होते. शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे पॅरबल, आपल्याकडचा दृष्टांत. वाक्यातला शब्द गाळणे म्हणजे इलिप्सिस. वाढवून सांगणे म्हणजे हायपरबोली, अतिशयोक्ती. गुजराती माध्यमात शिकलेल्या इथल्या मराठी मुलांना हे चटकन उमगावे, कारण त्यांच्या पुस्तकात हायपरबोला म्हणजे ‘अतिवलय’. दृष्टांताच्या शब्दाचा प्रवास पुढेही चालू राहिला. लॅटिनमध्ये त्यापासून ‘बोलणे’ या अर्थाचे क्रियापद झाले, ते फ्रेंचमध्ये गेले, आणि तिथून इंग्रजीला ‘पार्लमेंट’ मिळाले.

अलंकारांची आणखीही नावे अशीच आहेत. ‘क्लायमॅक्स’, म्हणजे चढत्या क्रमाची मांडणी, याचा मूळ अर्थ शिडी; ‘झ्यूग्मा’, म्हणजे एकाच शब्दाला दोन पदे जुंपणे, याचा जू. ‘कायॅझम’ हे नाव तर एका अक्षराच्या आकारावरून पडले: फुलीसारखे दिसणारे ग्रीक ‘खी’. पहिल्या अर्धातले शब्द दुसऱ्या अर्धात उलट क्रमाने आले की फुलीच्या दोन रेघा एकमेकींना छेदतात.

इंग्लंडमध्ये या सगळ्याला देशी पोशाख चढवायचा प्रयत्न 1589 साली निनावी छापलेल्या एका काव्यशास्त्रात झाला. तो ग्रंथ जॉर्ज पटनमचा मानतात. त्याने ग्रीक अलंकारांना साधी इंग्रजी नावे दिलीच, शिवाय कविता त्रिकोण, शंकरपाळी, स्तंभ, अंडाकृती अशा आकारांत कशी बसवावी याच्या आकृत्याही छापल्या. ही रीत पूर्वेकडच्या दरबारांतली आहे, असे एका इटालियन प्रवाशाकडून कळल्याचे तो सांगतो. आपल्याकडे भारवी आणि माघ या संस्कृत कवींनी त्याच्या कितीतरी आधी महाकाव्यांत सर्वतोभद्रासारखे (चौकटीत कुठल्याही दिशेने वाचले तरी तेच राहणारे) अक्षरांचे चित्रबंध रचले होते. संस्कृत काव्यशास्त्राने पुढे अशा रचनेला खालची पायरी दिली, हे मात्र मला फार कडक वाटते. अक्षरांच्या जागा मोजून अर्थ सांभाळणे हे मोठे कसब आहे.

नक्षीच्या शब्दांचा इतिहास वेगळ्या वाटेने जातो. पंधराव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये सम्राट नीरोचा गाडलेला महाल सापडला. दोर सोडून त्या गुहेसारख्या दालनांत उतरलेल्या चित्रकारांनी वेलींतून उगवणारी माणसे-जनावरे पाहिली. गुहेला इटालियनमध्ये ‘ग्रोत्ता’, म्हणून ही नक्षी ‘ग्रोटेस्क’. आज तो शब्द कुठल्याही विद्रूप, विचित्र वर्णनाला लागतो. अरबी पद्धतीची वेलबुट्टी ती ‘अरबेस्क’, आणि ते नाव पुढे संगीतात नि बॅले नृत्यातही गेले. काश्मिरी शालीवरच्या कोयरीला इंग्रजीत ‘पेझ्ली’ म्हणतात. शालींची नक्कल विणणाऱ्या स्कॉटलंडमधल्या गावाचे ते नाव. ज्या विणकरांची ती कोयरी, त्यांची नावनिशाणीही त्या शब्दात उरली नाही, याची मला खंत वाटते.

1856 साली ओवेन जोन्स या इंग्लंडमधल्या वास्तुरचनाकाराने जगभरच्या नक्षीकामाचा ग्रंथ काढला आणि त्याला नाव दिले ‘द ग्रामर ऑफ ऑर्नमेंट’. 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात पाहिलेल्या भारतीय कापडांवर तो बेहद्द खूश होता. व्याकरण हा भाषेचा शब्द नक्षीला लागला, तो असा. त्यानंतर पस्तीसेक वर्षांत वडोदऱ्यात लक्ष्मीविलास राजवाडा पूर्ण झाला, आणि सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी 1890 मध्ये कलाभवन ही कला-तंत्रशिक्षणाची संस्था उभी केली. दादासाहेब फाळके शिकले ते याच कलाभवनात.

इथल्या चित्रकारांनी ‘फिगर’ या जुन्या शब्दाला पुढे आणखी एक वजन दिले. 1981 च्या ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनात वडोदऱ्याचे गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर होते, सुधीर पटवर्धनही होते. माणसे, गल्ल्या, घरे, गोष्टी सांगणारी ही चित्रे; समीक्षक त्यांना ‘फिगरेटिव्ह’ म्हणतात. भाषेत ‘फिगरेटिव्ह’ म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून बोललेले. चित्रात नेमके उलटे: माणूस माणसासारखा ओळखू येणारे.