ट्रस्ट की सोसायटी? आधी लगाम कोणाच्या हाती ते ठरवा

‘आमची संस्था रजिस्टर आहे’ असं कोणी म्हणालं की पहिला प्रश्न विचारावा, कुठल्या कायद्याखाली? महाराष्ट्रात लोककार्यासाठी काढलेल्या सोसायटीकडे दोन प्रमाणपत्रं असावी लागतात. एक 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याचं, दुसरं 1950 च्या सार्वजनिक न्यास (म्हणजे ट्रस्ट) कायद्याचं, ‘एफ’ अक्षराच्या नोंदणी क्रमांकाचं. सोसायटी म्हणून नोंदलेली धर्मादाय संस्थाही या न्यास कायद्याच्या ‘सार्वजनिक न्यास’ या व्याख्येत बसते. पहिलं प्रमाणपत्र हाती आलं की काम झालं असं समजून बरेच जण थांबतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. निव्वळ ट्रस्टला 1860 चा कायदा लागत नाही. धर्मादाय ट्रस्टला साधारणपणे ‘ई’ क्रमांक मिळतो. न्यास म्हणून नोंदणीचा अर्ज न्यास निर्माण झाल्यापासून तीन महिन्यांत करायचा असतो.

खरा फरक लगामीचा आहे. सोसायटीला किमान सात जण लागतात. सभासद कार्यकारिणी निवडतात, म्हणून सभासदांची यादी हाच संस्थेचा कणा. यादी पक्की नसेल तर निवडणूक वादात सापडते. ट्रस्टमध्ये सभासद नसतात. न्यासपत्रात, म्हणजे ट्रस्ट स्थापन करतानाच्या दस्तऐवजात, लिहिलं असेल तसे विश्वस्त नेमले जातात. एखाद्याने आपली मालमत्ता विशिष्ट कामासाठी बाजूला काढली असेल तर ट्रस्टच शोभतो. मुंबईतला सर रतन टाटा ट्रस्ट असाच, मृत्युपत्रातून 1919 साली उभा राहिला. दहा-पंधरा कार्यकर्ते वर्गणी काढून वाचनालय चालवणार असतील तर मात्र सोसायटीच बरी. आमच्या मते याच ठिकाणी सर्वांत जास्त चुका होतात: घरातल्या चौघांच्या हातात सत्ता ठेवायची असते आणि नोंदणी मात्र सोसायटीची करतात.

उद्दिष्ट बदलतानाही वाटा वेगळ्या. सोसायटीला दोन विशेष सभा घ्याव्या लागतात, मध्ये एक महिना, दोन्हींत तीन-पंचमांश मतं. ट्रस्टच्या विश्वस्तांना न्यासपत्रातलं उद्दिष्ट नुसता ठराव करून बदलता येत नाही.

जमिनीच्या बाबतीत दोघांना एकच नियम. विक्री, अदलाबदल, बक्षीस यांना धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. भाडेपट्टा शेतजमिनीचा दहा वर्षांहून, बिनशेती जमीन वा इमारतीचा तीन वर्षांहून जास्त असेल तरी लागते. कर्ज काढायलाही लागते, हे अनेकांना ठाऊक नसतं.

आणि चेंज रिपोर्ट, म्हणजे संस्थेतल्या बदलाची नोंद धर्मादाय कार्यालयात करून घेण्याचा अर्ज. विश्वस्त बदलला, पत्ता बदलला, नवी मालमत्ता आली की 90 दिवसांत तो दाखल करायचा. सोबत सभेची नोटीस, ती पोहोचल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, ठराव, नव्या विश्वस्ताचं संमतीपत्र, आणि जुना गेला असेल तर मृत्यूचा दाखला किंवा राजीनामा. नोटीस पोस्टाने पाठवली तर पावत्या त्याच दिवशी फाईलला लावून टाका. दोन वर्षांनी कोणी हरकत घेतली तर नोटीस बजावली होती हे सिद्ध करायला तेच कागद लागतात. पाच-सात वर्षांचे चेंज रिपोर्ट थकले की अनुसूची एकच्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या न्यास नोंदवहीच्या, उताऱ्यावर मयत अध्यक्षांचंच नाव राहतं. मग बँक नव्यांच्या सह्या घ्यायला तयार होत नाही आणि देणगी खात्यात असूनही खर्चता येत नाही.