इंदूरमधील सरकारी आरोग्यसेवा

मध्य प्रदेश शासनाची आरोग्यसेवा इंदूर शहरात तीन पायऱ्यांनी मिळते. वस्तीत संजीवनी क्लिनिक, त्यावर जिल्हा व सिव्हिल रुग्णालये, आणि सर्वांत वर महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाशी (स्थापना १९४८) जोडलेले महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे इंदूरकरांचे ‘एम. वाय.’. कुठल्या दुखण्याला कोणते दार, हे माहीत नसल्यानेच बहुतेकांचा दिवस वाया जातो.

राज्यातील संजीवनी क्लिनिकांची सुरुवात डिसेंबर २०१९ मध्ये इंदुरातच झाली. ताप-खोकला, रक्तदाब व मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, साध्या रक्तचाचण्या, गर्भवतीची तपासणी एवढ्यासाठी तेच पुरे, एम. वाय.च्या पर्चीच्या खिडकीसमोर ताटकळायचे कारण नाही. अपघात, छातीत कळ किंवा बाळंतपणासाठी १०८ वर फोन करावा, गाडी मोफत येते. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, पूर्ण मोफत असते. शिवाय जननी सुरक्षा योजनेत शहरी मातेला १,००० आणि ग्रामीण मातेला १,४०० रुपये मिळतात. ते बँक खात्यात जमा होतात, म्हणून खाते तिच्या स्वतःच्या नावाचे आणि आधारशी जोडलेले हवे.

कुत्रा चावल्यावर शहर ज्याला ‘लाल अस्पताल’ म्हणते त्या हुकुमचंद पॉलीक्लिनिकमध्ये जातात. निघण्यापूर्वी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. कातडीत द्यायची रेबीजची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घेतात (० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), दर वेळी दोन जागी ०.१ मिलि. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) लागते, ते आवर्जून विचारावे. चुकते ते दोन ठिकाणी: कुत्र्याला काही होते का ते पाहून मग लस घ्यायची, हा एक घोळ, आणि जखम भरली म्हणून शेवटचा डोस सोडणे, हा दुसरा. रेबीज झाल्यावर रुग्ण वाचत नाही, तेव्हा यात चालढकल नकोच.

मोठ्या आजारासाठी आयुष्मान कार्ड आहे. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार यातून होतात, आधीपासूनचा आजार असला तरी. मात्र ते रुग्णालयात भरती झाल्यावरच चालते. नुसत्या ओपीडीला नाही. भरतीपूर्वीचे ३ आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस तपासण्या व औषधे धरली जातात. खाजगी रुग्णालय यादीत आहे एवढ्यावर विसंबू नये, आपल्या आजाराचा विभाग त्यात आहे का ते ‘आयुष्मान मित्रा’ला (रुग्णालयातील या योजनेच्या मदतनिसाला) भरतीआधीच विचारावे. योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी पैसे मागितले तर १४५५५ वर तक्रार करता येते.

मध्य प्रदेशात अन्नसुरक्षा पर्ची (स्वस्त धान्याची पात्रता चिठ्ठी) किंवा संबल कार्ड (असंघटित कामगारांचे) असलेली कुटुंबे पात्र आहेत आणि पात्रता ‘समग्र’ आयडीवरून, म्हणजे राज्याच्या कुटुंब-नोंदणीतील क्रमांकावरून, तपासतात (कुटुंबाचा ८ अंकी, व्यक्तीचा ९ अंकी). मराठी घरांचे काम अडते ते इथेच. आधारवर नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तिन्ही. समग्रमध्ये नुसते नाव-आडनाव. लग्नात नाव बदललेल्या सुनेचे आधार माहेरचे आणि समग्र सासरचे. मग ई-केवायसी जुळत नाही. आधी आधार दुरुस्त करावे, नंतर त्यावरून समग्रची ई-केवायसी. उलट केले तर दोनदा खेटे पडतात. रुग्ण भरती असताना ही धावपळ फार जड जाते, तेव्हा घरात सगळे धडधाकट असतानाच ती उरकावी.

सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान कार्डासाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही. आधारवरचे वय पुरते. घर आधीच योजनेत असेल तर ज्येष्ठांसाठी आणखी ५ लाख वेगळे धरले जातात. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतील किंवा माजी सैनिकांच्या योजनेतील पेन्शनरांना मात्र दोहोंपैकी एकच निवडावी लागते, आणि ती निवड आपल्या नेहमीच्या रुग्णालयात कोणती योजना चालते ते पाहूनच करावी.