रॅक सुरू करताना पहिले दहा मिलिसेकंद

गेलेली वीज आली, मेन वर केला आणि खटकन एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की वीज तोडणारा स्विच, पडला. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. छोट्या ऑफिसांच्या सर्व्हर रूममध्ये हे नेहमीचं. मग कोणीतरी एमसीबीला दोष देतं आणि जास्त अँपिअरचा बसवून मोकळं होतं. कृपा करून हे करू नका. एमसीबी असतो तो भिंतीतल्या वायरच्या रक्षणासाठी. वायर जुनीच ठेवून तो मोठा केला, तर लोड वाढल्यावर वायर तापत राहते आणि एमसीबी जागचा हलत नाही.

खरं कारण रॅकमधल्या, म्हणजे सर्व्हर-स्विच एकावर एक बसवायच्या चौकटीतल्या, प्रत्येक पॉवर सप्लायच्या पोटात आहे. आपल्याकडचा 230 व्होल्टचा एसी लाटेच्या शिखरावर 325 व्होल्टपर्यंत चढतो. पॉवर सप्लाय त्याचा डीसी करून कपॅसिटरमध्ये साठवतो. बंद उपकरणातला कपॅसिटर म्हणजे रिकामी टाकी. वीज मिळताच तो अधाशासारखा प्रवाह ओढतो. एरवी एक-दीड अँपिअरवर चालणारा नेटवर्क स्विच (उपकरणं एकमेकांना जोडणारा) त्या पहिल्या 10 मिलिसेकंदांत क्षणभर 30-40 अँपिअर घेऊ शकतो. याला इनरश करंट म्हणतात. 16 अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी 5 ते 10 पट प्रवाहाला, म्हणजे 80 ते 160 अँपिअरला, तत्क्षणी पडतो. तीन-चार उपकरणं एकदम सुरू झाली की हा आकडा गाठलाच.

म्हणून आधी रॅकमधलं सगळं बंद करायचं. बऱ्याच नेटवर्क स्विचना बटण नसतं, त्यांची पॉवर कॉर्डच काढून ठेवायची. मग एमसीबी वर करायचा, वीज स्थिर आहे ना ते पाहायचं आणि एकेक उपकरण काही सेकंदांच्या अंतराने सुरू करायचं. काही पीडीयू, म्हणजे रॅकमधल्या उपकरणांना वीज वाटणाऱ्या पट्ट्या, हे अंतर आपोआप ठेवतात. मोठ्या रॅकला असा पीडीयू जरूर घ्यावा.

हा लोंढा आवरायला अनेक पॉवर सप्लायमध्ये थर्मिस्टर असतो. थंड असताना त्याचा रोध 10 ओहम धरला, तर 325 भागिले 10, प्रवाह 32-33 अँपिअरवरच अडतो. उपकरण चालू लागलं की थर्मिस्टर तापतो आणि रोध एक ओहमच्याही खाली येतो, म्हणजे वीज वाया जात नाही. गोम इथेच आहे. हँग झालेला राउटर बंद करून लगेच चालू केला, तर कपॅसिटर रिकामा झालेला असतो, पण थर्मिस्टर अजून गरम असतो. मग लोंढा अडवायला कोणीच नसतं. मिनिटभर थांबा, असं जुने इंजिनिअर सांगतात ते उगाच नाही.

अर्थिंगची हेळसांड मात्र जिवावर बेतू शकते. विजेतला गोंगाट गाळणाऱ्या फिल्टरमधून थोडा प्रवाह सतत अर्थमध्ये जात असतो. अर्थ तुटली, तर उपकरणाची धातूची पेटी 115 व्होल्टच्या आसपास तरंगू लागते. हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्या यामुळेच. एका उपकरणाचा हा प्रवाह एक-दोन मिलिअँपिअर असतो, पण रॅकमधल्या दहा उपकरणांचा मिळून 10-20 होतो. साधारण 10 च्या पुढे गेलं की पकडलेली वस्तू हाताला सोडता येईनाशी होते. रॅकची अर्थ वायर सगळ्यात आधी जोडायची आणि सगळ्यात शेवटी काढायची, ती यासाठी.

पावसाळ्यात आणखी एक पथ्य. मुंबईत जुलैमध्ये दवबिंदू, म्हणजे ज्याहून थंड वस्तूवर हवेतली वाफ पाणी होऊन बसते ते तापमान, 25 अंशांच्या आसपास असतो. वातानुकूलित गोडाऊनमधून आणलेलं थंड उपकरण बाहेर येताच त्यावर, आणि आतल्या सर्किटवरही, पाणी धरतं. खोक्यातच ठेवून ते खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं.

क्रम म्हणाल तर आधी राउटर आणि स्विच, मग स्टोरेज, शेवटी सर्व्हर. सर्व्हर आधी उठला तर त्याला डिस्कही सापडत नाही आणि नेटवर्कही. सुरुवातीला पंखे जोरात घोंघावतात. तापमान पाहून वेग ठरवणारं सॉफ्टवेअर अजून लोड झालेलं नसतं, म्हणून ते पूर्ण वेगाने फिरतात. काही मिनिटांत आवाज उतरतो. या काळात, विशेषतः फर्मवेअर (उपकरणातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट चालू असताना, कॉर्ड ओढू नये. फ्लॅश मेमरीत अर्धवट लिहिलं गेलेलं फर्मवेअर पुन्हा बूट होईलच असं नाही.

उपकरणाला दोन पॉवर सप्लाय असतील, तर एक कॉर्ड ए लाइनवर आणि दुसरी बी लाइनवर, म्हणजे दोन वेगळ्या वीजपुरवठ्यांवर, लावतात. सगळं सुरू झालं की ए बंद करून पाहावं, मग ती चालू करून बी. एक लाइन गेल्यावर सगळा भार दुसरीवर येतो, म्हणून दोन्ही लाइन एरवी निम्म्याहून कमीच भरलेल्या असाव्या लागतात. ही परीक्षा रॅकवर कोणाचं काम सुरू होण्याआधीच उरकून घ्यावी.