जुन्या गाडीचा इन्शुरन्स आपोआप आपला होत नाही

"इन्शुरन्स मार्चपर्यंत चालू आहे, टेन्शन नाही" असं जुनी गाडी घेताना एजंट बिनधास्त सांगतो आणि आपण पण मान डोलावतो, पण हे अर्धंच खरं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार थर्ड पार्टी कव्हर गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतं, म्हणजे आपण कोणाला ठोकलं तर ते. आपल्याच गाडीचा बंपर, बोनेट गेलं तर पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर बघून क्लेम सरळ रिजेक्ट होऊ शकतो. त्यामुळे गाडी घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत कंपनीकडे नाव बदलायला अर्ज टाकायचा. आणि हो, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जुन्या मालकाचाच राहतो, त्या सुटीचा फरक आपल्याला भरावा लागतो, भाव करतानाच धरा.